न मळणाऱ्या वाटा

सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या बोलीत 'मळलेली वाट' हा शब्दप्रयोग वर्णनापेक्षा निर्वाळा म्हणूनच अधिक वापरला जातो. कातळावर पायांनी आलेली गुळगुळीत झाक, कारवीच्या रानातून गुरांनी पाडलेली फट, वळणावर कुणीतरी रचून ठेवलेले चार दगड ही सारी आधी येऊन गेलेल्यांची साक्ष असते, आणि ती पुरेशी मानून नवखा माणूसही निर्धास्तपणे पाऊल टाकतो. हिवाळ्यात हिमालयात स्कीवरून हिंडणाऱ्याला ही साक्ष मिळत नाही. रात्रीतून दोन फूट हिम पडले की आदल्या दिवशीच्या सगळ्या रेघा पुसल्या जातात, आणि ज्या उरतात त्यांवरून तिथून कुणीतरी गेले एवढेच कळते. तो उतार पुढच्या माणसालाही झेपेल की नाही, याबद्दल त्या काहीच बोलत नाहीत. त्यामुळे या छंदात 'आवडती वाट' कोणती, हा प्रश्न दिसतो तितका सरळ राहत नाही.

'बॅककंट्री स्कीइंग' या संज्ञेला मराठीत अजून रुळलेला प्रतिशब्द नाही. स्कीच्या केंद्रांवर यंत्राने दाबून सपाट केलेले, दोरीने हद्द आखलेले आणि गस्तीपथकाच्या नजरेखालचे उतार असतात. त्या दोरीपलीकडचा, कुणी न दाबलेला आणि कुणी न तपासलेला डोंगर म्हणजे बॅककंट्री. तिथे वर नेणारे यंत्र बहुधा नसते, म्हणून स्कीच्या तळाला 'स्किन' नावाची लांब पट्टी चिकटवून चढावे लागते. ही पट्टी पूर्वी सीलच्या कातड्याची असे, आता ती अंगोरा शेळीच्या केसांची किंवा नायलॉनची असते. गायीच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर तो सहज सरकतो आणि उलट फिरवला तर केस आडवे येतात. त्याच तत्त्वावर स्किन स्कीला पुढे सरकू देते आणि मागे घसरू देत नाही. चढताना बुटाची टाच मोकळी असते. माथ्यावर पोहोचल्यावर स्किन सोलून काढायची, गोंदाची बाजू गोंदाला लावून तिची घडी करायची, ती घडी थंडीने कडक होऊ नये म्हणून जाकिटाच्या आत पोटाशी ठेवायची, टाच बाइंडिंगमध्ये म्हणजे बूट आणि स्की यांना जोडणाऱ्या पकडीत अडकवायची आणि मग उतरायचे, असा हा क्रम आहे. चार तासांच्या चढाईला वीस मिनिटांचा उतार हा हिशेब नवख्याला तोट्याचा वाटतो, पण उताराविषयीची जवळजवळ सगळी माहिती चढतानाच मिळते, हे कळायला एखाददोन हिवाळे जावे लागतात.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्या लहान गटांचा प्रमुख म्हणून प्रस्तुत लेखकाने सुमारे पंधरा हिवाळे काश्मीरमधील गुलमर्ग येथे हे काम केले. काम हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. सहभागींच्या पायांना भाड्याचे बूट बसतात की नाही हे पाहणे, रात्री ते बूट बुखारीपाशी म्हणजे लाकडाच्या शेगडीपाशी वाळत ठेवणे, सकाळी प्रत्येकाचे बीकन म्हणजे हिमाखाली गाडलेल्याचा शोध लावणारे यंत्र तपासणे, स्थानिक वाटाड्याशी दिवसाचा बेत ठरवणे आणि तो बेत दहा वाजता मोडावा लागला तर लोकांची तोंडे बघणे, हे सगळे त्यात येते. दिवसभरात प्रत्यक्ष स्की करण्याचा वेळ फारच थोडा असतो.

गुलमर्गची रचना समजल्याशिवाय तिथल्या वाटांविषयी बोलता येत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर हे कुरण पसरले आहे. काश्मिरीतील 'मर्ग' म्हणजे कुरण. मराठी माणूस त्या शब्दात उगाचच 'मार्ग' शोधतो. या कुरणाच्या डोक्यावर अफरवटची लांब धार असून तिचा माथा ४,३०० मीटरांच्या पुढे जातो. गंडोला म्हणजे दोरीवरून जाणाऱ्या बंद पाळण्यांचा पहिला टप्पा १९९८ मध्ये कोंगडोरीपर्यंत, तर दुसरा २००५ मध्ये धारेच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटरांवर, पोहोचला. ब्रिटिशांच्या काळापासून, १९२७ मधील स्की क्लबपासून, इथे स्कीइंग होत आले असले तरी जगभरचे बॅककंट्री स्कीअर गुलमर्गला येऊ लागले ते या दुसऱ्या टप्प्यानंतरच. जिथे पोहोचायला पूर्वी दिवस लागे तिथे आता तिकीट काढून जाता येते, आणि गुलमर्गमधील निम्म्या चुकांचे मूळ या सोयीत आहे. परवा समुद्रकाठी असलेला माणूस आज चार हजार मीटरांच्या जवळ उभा असतो. त्याच्या रक्ताला विरळ हवेची सवय झालेली नसते आणि पायाखालच्या हिमाशी तर त्याची ओळखच झालेली नसते, कारण त्यावरून तो चढून आलेलाच नसतो. गस्तीपथक गंडोलाखालच्या मुख्य उताराची काळजी घेते. दोरीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला बाकीचा डोंगर ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर असतो.

भाषेचाही एक अडसर आहे. मराठीत गोळेवाल्याच्या गाडीवरचा तो बर्फ आणि आकाशातून भुरभुरणारा तोही बर्फच. काश्मिरीत भुरभुरणारे ते 'शीन' आणि गोठून घट्ट झालेले ते 'यख', आणि ज्याच्या अंगणात वर्षातले तीन-चार महिने दोन्ही असतात त्याची या दोहोंत गल्लत होत नाही. या लेखात पहिल्यासाठी 'हिम' आणि दुसऱ्यासाठी 'बर्फ' असा भेद पाळला आहे. डोंगराच्या आकारांसाठी मात्र मराठीला कुणाकडे हात पसरावा लागत नाही. सोंड, धार, खिंड, घळ, नाळ, पदर, माची ही सह्याद्रीने घडवलेली नावे अफरवटवरही चपखल बसतात, आणि वॉकीटॉकीवर 'डावी सोंड धरून या, घळीत उतरू नका' असे सांगितले की मराठी गटाला दुसऱ्यांदा विचारावे लागत नाही.

नावे जुळली तरी त्यांमागचे धडे जुळत नाहीत, आणि या कामातील पहिली काही वर्षे जुने धडे पुसण्यात गेली. सह्याद्रीत कडा चढायचा असेल तर नाळ हा मित्र असतो. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट ज्यांनी केली आहे त्यांना हे सांगायला नको: दोन्ही बाजूंना भिंती असतात, हाताला धर मिळतो, डोळे फिरत नाहीत, आणि उघड्या धारेवरच्या वाऱ्यापेक्षा घळीची सावली सुरक्षित वाटते. हिमात हे सगळे उलटते. वाऱ्याने धारेवरून उडवलेले हिम घळीतच साठते, वरून सुटलेले हिम घळीतूनच खाली येते, आणि ते उथळ उतारावर जेवढे पसरले असते त्याच्या कितीतरी पट खोल घळीच्या तळाशी साचते, म्हणून तिथे गाडल्या गेलेल्या माणसापर्यंत फावडे वेळेत पोहोचणे अवघड असते. अफरवटवरच्या हापथखुड या भागाच्या नावातील 'हापथ' म्हणजे अस्वल. १ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथे झालेल्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर मरण पावले. लेखकाला तो भाग चांगला ठाऊक होता. सुरुवातीच्या तीन हिवाळ्यांतील त्याच्या नोंदवहीत अशाच घळींसमोर 'उत्तम' असा शेरा लिहिलेला आढळतो. त्या दिवसांत त्या खरोखरच उत्तम होत्या, हिम कोरडे आणि गुडघाभर होते, आणि त्या शेऱ्यात नशिबाचा वाटा किती, हे नोंदवहीत कुठेच लिहिलेले नाही.

दुसरा उलटा धडा हवामानाचा होता. पावसात कडा धरू नये आणि उघडीप मिळाली की निघावे, हे सह्याद्रीचे शहाणपण आहे. काश्मीरमधील हिवाळी हिम पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे पडते, आणि ते सलग न पडता झटक्याझटक्याने पडते. दोन झटक्यांमधल्या निरभ्र, कडाक्याच्या रात्री धोक्याची तयारी करतात. जमिनीलगतचे हिम शून्य अंशाच्या आसपास असते आणि वरची हवा उणे पंधरा. थर पातळ असला की या फरकामुळे खालची वाफ वर सरकू लागते, हिमाचे मूळ नाजूक स्फटिक मोडतात आणि त्यांच्या जागी टोकेरी, एकमेकांना न चिकटणारे कण तयार होतात. मुठीत धरले तर ते साखरेसारखे बोटांतून गळतात. चिल्लई कलान म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे थंडीचे चाळीस दिवस. त्यात हा साखरेचा थर तयार होतो आणि पुढच्या झटक्यात त्यावर जड हिमाची लादी बसते. त्यानंतर आकाश निवळते, ऊन पडते, अफरवट साबणाच्या वडीसारखा चकाकू लागतो आणि प्रत्येकाला वर जावेसे वाटते. लादीला सुटायला एका माणसाचे वजन पुरते, आणि हिमस्खलनात सापडणाऱ्या बहुतेक लोकांच्या बाबतीत ते त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्याने सुरू केलेले असते. २०२४ चा जानेवारी गुलमर्गमध्ये जवळजवळ कोरडा गेला, महिन्याच्या अखेरीस हिम सुरू झाले, आणि २२ फेब्रुवारीला खिलनमर्गच्या वरच्या बाजूस सुटलेल्या हिमाने एका रशियन स्कीअरचा बळी घेतला.

हे सारे पुस्तकातून आधीच वाचलेले होते, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. चौथ्या की पाचव्या हिवाळ्यात, जोरदार हिमवृष्टीनंतरच्या तिसऱ्या दिवशी, पाच जणांचा एक गट धारेवरून एका वाटीच्या काठाशी उभा होता. वाटी म्हणजे तीन बाजूंनी उताराने वेढलेला खोलगट भाग. कोनमापकावर उतार ३६ अंश भरला. लादीची हिमस्खलने बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान होतात, हे गटातील प्रत्येकाने पहिल्याच संध्याकाळी वहीत उतरवून घेतले होते. सकाळी बाजूच्या तशाच उतारावर खड्डा खणून तीस सेंटिमीटर चौरस स्तंभ मोकळा करण्यात आला होता. अशा स्तंभावर फावडे ठेवून आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा आणि शेवटी खांद्यातून दहा टपल्या मारतात. किती टपल्यांवर थर सुटतो आणि तो किती सफाईने सुटतो यावरून हिमाची ताकद जोखली जाते. स्तंभ बाराव्या टपलीला, तळच्या साखरेवर, पत्त्यांच्या गड्डीतून पत्ता सरकावा तसा सुटला. बारा हा आकडा मध्यम धरतात. सुटण्याची सफाई मात्र मध्यम नव्हती, आणि लेखकाने त्या सफाईकडे काणाडोळा करून आकडा मनावर घेतला.

त्यामागची कारणे आता मोजून दाखवता येतात. गटाचे दुसऱ्या दिवशी दुपारचे विमान होते. आधीचे दोन दिवस वारा असल्याने वरचा टप्पा बंद राहिला होता आणि लोकांनी हॉटेलात पत्ते खेळून कंटाळा काढला होता. समोरच्या वाटीत कुणाच्या तरी तीन ताज्या रेघा होत्या. 'दादा, काल त्या पोरांनी तर इथूनच मारलंय ना?' असे एकाने विचारले, आणि सह्याद्रीतली सगळी हयात मळलेल्या वाटेवर विश्वास ठेवण्यात गेलेल्या माणसाला त्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी देता आले नाही. पहिला माणूस खाली गेला, दुसरा गेला, आणि तो थांबण्याच्या जागी पोहोचायच्या आत तिसऱ्याने उडी घेतली. धान्याच्या कोठीत भरले पोते टाकल्यावर येतो तसा एक दबका आवाज झाला. काठापासून चार हात अंतरावर, शाईच्या पेनाने रेघ ओढावी तशी एक भेग डावीकडून उजवीकडे धावत गेली आणि अख्खी लादी आधी जागच्या जागी विस्कटली, मग सरकली. तिसरा माणूस कडेला होता म्हणून वाचला. साठेक मीटर घसरत जाऊन तो पृष्ठभागावरच थांबला. एक स्की आणि एक काठी गेली. खाली थांबलेले दोघे सोंडेच्या आडोशाला होते, म्हणून हिम त्यांच्या बाजूने निघून गेले. सगळा प्रकार मिनिटभराचाही नव्हता.

त्या रात्री नोंदवहीत फक्त तापमान, वाऱ्याची दिशा आणि 'उतार सुटला, सर्व सुखरूप' एवढेच लिहिले गेले. 'सुटला' हे क्रियापद कर्त्याची सुटका करणारे आहे. उतार आपोआप सुटला नव्हता, तो सोडला गेला होता. त्याखाली खरी नोंद व्हायला दोन आठवडे लागले. हरवलेली स्की पुढच्या उन्हाळ्यात गुज्जर गुराख्यांना सापडली आणि त्यांनी ती आपल्या लाकूड-मातीच्या कोठ्यात छपराच्या आधाराला लावली. तिचा तिथे उपयोग बरा झाला.

या प्रसंगानंतर निवड बदलली, पण ती एका दिवसात बदलली असे म्हणणे खोटे ठरेल. नकार देण्याचे काम हे स्कीइंगपेक्षा अवघड असते आणि त्याचे पैसे कुणी वेगळे देत नाही. शिखराचा फोटो ठरवूनच आलेल्या माणसाला सलग तीन दिवस जंगलात फिरवले तर तो परतल्यावर चार ठिकाणी तक्रार करतो, आणि एका सहल-संयोजकाने तर पुढच्या वर्षी 'जरा धाडसी' गटप्रमुख शोधला. त्या वर्षीचे उत्पन्न बुडाले ते बुडालेच. तरीही मिळालेल्या शिकवणुकीपैकी सगळ्यात उपयोगी भाग वरच्या उतारांवर मिळालेला नाही. तो एका स्थानिक वाटाड्याच्या अंगणात मिळाला. हा मनुष्य गुलमर्गखालच्या टंगमर्ग गावाच्या वाटेवर राहतो आणि रोज सकाळी चहाच्या आधी कुंपणाचे खांब पाहतो. खांबाच्या कोणत्या बाजूला हिम चिकटले आहे त्यावरून रात्री वारा कुठून वाहिला ते कळते, आणि वारा जिथून आला त्याच्या विरुद्ध बाजूच्या, आडोशाच्या उतारांवर हिम लादले गेलेले असणार हेही कळते. आकाशातून हिम न पडताही वारा एका रात्रीत आडोशाच्या उतारावर नव्या हिमवृष्टीपेक्षा जास्त भार टाकू शकतो. दोरीच्या पलीकडे कोणता उतार आज वर्ज्य, हे तो गंडोलाच्या रांगेत उभे राहण्यापूर्वीच ठरवून येई, आणि लेखकाच्या मोबाइलमधील हवामानाचे तीन अंदाज त्याच्या एका खांबाच्या मागे पडत. त्याचेही अंदाज चुकत, पण ते न जाण्याच्या बाजूने चुकत.

आता लेखकाला विचारले तर पहिले नाव बाबारेशीच्या वाटेचे येते, आणि पहिल्या तीन हिवाळ्यांच्या नोंदवहीत तिचा साधा उल्लेखही नाही. गुलमर्गच्या कुरणाला वेढा घालणारा एक गोलाकार फेरफटक्याचा रस्ता आहे. त्याच्या उत्तरेकडील कडेवरून जंगलात शिरले की उतार थेट बाबा रेशी यांच्या जुन्या दर्ग्याकडे नेतो आणि पुढे टंगमर्गला उतरता येते. एकूण उतार जेमतेम पाचशे मीटरांचा; अफरवटच्या तुलनेत हे फारच किरकोळ. जंगल 'फर'चे आहे, म्हणजे देवदाराशी नाते असलेल्या, सरळसोट वाढणाऱ्या सूचिपर्णी झाडांचे, अधूनमधून निळा पाइन. उतारांवर झाडे दाट असल्याने हिमाची सलग लादी सहसा बसत नाही. बुंध्यांपाशी ती ठिकठिकाणी तुटते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हिम पडत असताना ही वाट उजळते. वर उघड्या उतारावर ढग उतरला की हिम आणि आकाश एकच पांढरे होते, खालीवर कळेनासे होते आणि उभ्या माणसाला आपण सरकतो आहोत की थांबलो आहोत हेही समजत नाही. जंगलात मात्र प्रत्येक काळा बुंधा डोळ्याला धर देतो. वाऱ्यामुळे गंडोलाचा वरचा टप्पा बंद असतो, रांगेतले लोक हॉटेलात परततात, आणि नेमका तोच दिवस बाबारेशीचा असतो.

या जंगलालाही आपला धोका आहे. फरच्या खालच्या फांद्या छत्रीसारख्या पसरलेल्या असतात, त्यामुळे बुंध्याभोवती हिम पडत नाही आणि तिथे भुसभुशीत हिमाने झाकलेला एक खड्डा राहतो. एका सहभागी बाईंचा तोल जाऊन त्या अशा खड्ड्यात डोक्याच्या बाजूने गेल्या. वर फक्त स्कीची दोन टोके दिसत होती आणि ओरडण्याचा आवाज हिमातच मुरत होता. जोडीने उतरायचे आणि जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचे नाही, हा नियम त्या दिवशी पाळला गेला होता, म्हणून मागच्या माणसाने दोन मिनिटांत त्यांचा चेहरा मोकळा केला. बाहेर आल्यावर त्यांनी आधी तोंडातले हिम थुंकले, मग चष्मा शोधला, आणि तो फांदीला लटकलेला पाहून त्या हसत सुटल्या. त्या हसण्याने गटातल्या इतरांना प्रसंग किरकोळ वाटला. तो तसा नव्हता. हिमाखाली अडकलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर जगण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती झपाट्याने घसरते. बीकन हे ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडणारे छोटे यंत्र, चाचपण्याची लांब घडीची काठी म्हणजे प्रोब, आणि फावडे, या तिन्हींपैकी एक जरी गाडलेल्याच्या सोबत्याकडे नसेल तर उरलेल्या दोहोंचा उपयोग थोडा. श्रीनगरहून मदत निघेपर्यंत ही मिनिटे संपलेली असतात.

बाबारेशीच्या उताराचा शेवट देखणा नाही. खालच्या टप्प्यात हिम ओलसर आणि जड होते, स्कीच्या तळाला गोळे चिकटतात, मग कापलेल्या झाडांचे बुंधे, काटेरी तारा, सफरचंदाच्या बागेचा बांध, आणि अखेरीस स्की खांद्यावर टाकून गावातल्या चिखलातून चालणे. दर्ग्यापाशी माकडे सामानावर टपलेली असतात. कांदुराच्या म्हणजे नानवायाच्या दुकानात गरम रोटी आणि मिठाचा गुलाबी चहा मिळतो, आणि फळ्यांना दोरी बांधून केलेल्या स्कीवर उतरणारी गावातली पोरे शहरी पाहुण्यांच्या दीड लाखाच्या साहित्याकडे एकदा बघून पुन्हा आपल्या कामाला लागतात. उत्तम उताराची व्याख्या करताना परदेशी मासिकांत या गोष्टी कुठे दिसत नाहीत. लेखकाच्या मते त्या व्याख्येत यायला हव्यात, कारण ज्या वाटेच्या शेवटी माणसांची वस्ती आणि परतीची गाडी आहे तिच्यावर एखाद्याचा गुडघा मुरगळला तरी दिवस निभावतो.

इतर ठिकाणांविषयी थोडक्यात सांगता येईल. उत्तराखंडमधील औली शिकण्यासाठी चांगले आहे आणि तिथून ओकच्या रानातून गोरसोन बुग्यालकडे स्किन लावून जाणारी चढण नवख्याला लयीत आणते. बुग्याल म्हणजे वृक्षरेषेवरचे कुरण, आणि समोर नंदादेवी असल्यामुळे थांबण्यासाठी निमित्त शोधावे लागत नाही. हिमाचलमध्ये २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून हिवाळ्यातही लाहौलमध्ये शिरता येते आणि सिस्सूच्या आसपासचे उतार खुले झाले आहेत, पण ते भव्य, उघडे आणि हिमस्खलनाचे आहेत. तिथे लेखक दोनदा गेला आणि दोन्ही वेळा निम्म्यातून परतला.

अफरवटशी वैर धरलेले नाही. फेब्रुवारी सरता सरता दिवसा ऊन वितळवते, रात्र गोठवते आणि जुने थर एकजीव होत जातात. मार्चमध्ये पहाटे कुरकुरीत बर्फावरून चढून, पृष्ठभाग बोटभर मऊ झाला की उतरायचे आणि ऊन चढून हिम घोट्यापर्यंत रुतू लागण्याच्या आत खाली असायचे, अशी एक दीड-दोन तासांची फट मिळते. धारेवरून गोठलेल्या अलपथर तळ्याकडे पाहण्याचे सुख लेखकाने अशाच सकाळी घेतले, आणि तेही सात प्रयत्नांत तीनदा.

चिंता आहे ती खालच्या वाटांची. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधील भाग हिमाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. वर उशिरा का होईना हिम पडते. बाबारेशीच्या जंगलात, दोन-अडीच हजार मीटरांवर, त्याचा कधी कधी पाऊस होतो. गेल्या काही हिवाळ्यांत खालचा तिसरा भाग स्की काढून पायीच उतरावा लागला आणि जानेवारीतच उघडे पडलेले बुंधे मोजता आले. ज्या वाटेवर सगळ्यात कमी धोका तीच आधी नाहीशी होते आहे, आणि उरलेली गर्दी वरच्या टप्प्याच्या रांगेत उभी राहते.

यंदा महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी पहिला अख्खा दिवस कुरणात बीकन पुरून तो शोधण्याच्या सरावाला द्यावा, वरच्या टप्प्याचे तिकीट त्यानंतर काढावे. बाबारेशीला उतरायचे असेल तर टंगमर्गहून गुलमर्गला परतणारी साखळी लावलेली गाडी सकाळीच ठरवून ठेवावी. अंतर तेराच किलोमीटर आहे, पण हिम पडत असेल तर अंधारानंतर कुणी येत नाही.